रहिवासी झोन

"हात नको लावू. नकाशा खराब होते."

साहेबांनी हातातली लाकडी पट्टी माझ्या बोटावर मारली. जोरात नाही. माशी हाकलावी तशी.

भिंतीवर शहराचा मोठा रंगीत नकाशा टांगलेला होता. पिवळा रंग म्हणजे लोकांनी राहायची जागा. हिरवा म्हणजे शेती. निळा म्हणजे दुकानं, बाजार. माझ्या आधीचा माणूस त्याच नकाशावर अख्खा पंजा टेकवून साहेबांशी बोलत होता. बोटांत अंगठ्या. त्याला कोणी काही म्हणालं नाही. मी एकच बोट ठेवलं होतं, आमचा प्लॉट पिवळ्या रंगात येतो हे दाखवायला.

सिमेंटनं खाल्लेलं बोट. नखाच्या कडेला चिरलेलं. सकाळी दगडानं घासून, धुऊन आले होते. तरी ते तसंच दिसतं. ते तसंच आहे.

शेजारच्या टेबलावरचा बाबू म्हणाला, "किस ठेकेदार की रेजा है तू? पेमेंट यहाँ नहीं मिलता."

मी म्हटलं, "मले माह्या घराची परवानगी पाहिजे."

"तुझ्या घराची?"

मग सगळे हसले. साहेब हसले, बाबू हसला, अंगठ्यावाला हसला. पाण्याचे ग्लास फिरवणारी बाई आमच्याच वस्तीतली. तीही हसली. तिचं हसणं मला पट्टीपेक्षा जास्त लागलं.

मी बोट पदरात गुंडाळलं आणि जिना उतरून खाली आले. खाली मिस्त्री सायकल धरून उभे होते. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. साइटवर सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, तसं मीही म्हणते. त्यांनी विचारलं, "झालं का वो काम?"

"उद्या बोलावलं," मी खोटं बोलले.

मी रेजा आहे. बांधकामावर विटा, रेती, सिमेंटचा मसाला डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात. माझी माय पण रेजाच. गोंदियातल्या किती बंगल्यांच्या विटा आम्हा मायलेकींच्या डोक्यावरून गेल्या, ते आम्हालाही सांगता यायचं नाही. बंगला उभा झाला, फरशी पॉलिश झाली, की आम्हाला आत जायची सोय नसे. मजुरी फाटकाच्या बाहेर मिळायची.

राहायला आम्ही रेल्वेलाईनच्या कडेला. माझा जन्म तिथला, लग्न तिथलं, एक लेकरू तिथंच तापानं गेलं. तिथं आमचं नाव काय होतं? अतिक्रमण. सरकारी कागदावर आमचं दुसरं नावच नव्हतं. मोजणीवाले आले की म्हणत, "ये अतिक्रमण कितने लोगों का है?" माणसाला कोणी असं विचारत असेल का?

म्हणून मला कागदाचं घर हवं होतं. दोन खोल्या आणि मोरी, एवढंच. पण रीतसर. कोणी हटवायला आलं तर छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे, हे माझं आहे आणि तुमच्याच सरकारनं लिहून दिलेलं आहे.

फुलचूरच्या पुढे एका ले-आउटमध्ये कोपऱ्यातला प्लॉट पडून होता. नाल्याच्या बाजूचा, म्हणून कोणी घेत नव्हतं. मायचं डोरलं, माझ्या पायातली चांदी, मिस्त्रींची भिशी, सगळं त्यात गेलं. रजिस्ट्री झाली त्या दिवशी माय तो कागद नाकाशी धरून बसली. डोळ्यांनी तिला धड दिसत नाही. म्हणे, "वास येऊन राहिला वो. सरकारचा."

आम्ही पायाभरणी केली. कुदळ मारायच्या आधी पाच जण मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं. कोपऱ्यात निळा झेंडा रोवला. तोवर कॉलनीतले लोक बरे बोलत. समोरच्या घरातली बाई आम्हाला नळीनं पाणी द्यायची. कोणाच्या तरी बंगल्याचं काम निघालं, हे मजूर आहेत, असं त्यांना वाटलं असेल. झेंडा रोवला आणि दुसऱ्या दिवशी नळी गुंडाळून आत गेली. मी बादली घेऊन गेले तर ती बाई जाळीच्या दारातूनच म्हणाली, "मोटर बिघडी हुई है."

मोटर चालू होती. आवाज येत होता.

परवानगी कशी काढतात, ते मला माहीत नव्हतं. घरं बांधली पुष्कळ, पण परवानगी ही ज्यांची घरं असतात त्यांची गोष्ट. मी सातवीपर्यंत शिकले. झेरॉक्सच्या दुकानातून बांधकामाच्या नियमांची पानं काढून आणली. जेवणाच्या सुट्टीत रेतीच्या ढिगाला टेकून एकेक ओळ वाचायची. मराठीच होतं. पण ती मराठी मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलेली नव्हती.

"अजी, अनुज्ञेय म्हणजे काय जी?"

मिस्त्री भाकर मोडत म्हणाले, "कोनाच्या बापाले माहीत."

झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, जे करायला परवानगी आहे ते. एवढंच? मग तसंच लिहायचं ना. कायले इतकं अवघड करून ठेवलं?

सामासिक अंतर म्हणजे घराच्या चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा. हे मला माहीत होतं. साइटवर त्याला मार्जिन म्हणतात. मार्जिन सोडायचं असतं हे माहीत होतं, आणि ते कोणी सोडत नाही हेही माहीत होतं.

रहिवासी झोनची पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. कुठं राहायचं, कुठं दुकान घालायचं, कुठं कारखाना, सगळं लिहिलेलं होतं. कोणी राहायचं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. रहिवासी म्हणजे राहणारा माणूस. कोणता माणूस, त्याबद्दल एक अक्षर नाही. मला धीर आला. लिहिलेलंच नाही, तर आड कसं येईल?

फाईल आत गेली. परत आली. शेतजमिनीची घरजमीन झाल्याचा आदेश जोडा. जोडला. परत आली. ले-आउटचा मंजूर नकाशा जोडा. जोडला. झोनचा दाखला आणा. आणला. नाल्यापासूनचं अंतर इंजिनिअरकडून लिहून आणा. त्या इंजिनिअरकडे मी मजुरी न घेता विटा वाहिल्या, तेव्हा त्यानं लिहून दिलं. प्रत्येक खेपेला एक रोजी बुडायची. रोजी बुडाली की त्या दिवशी घरात भाताबरोबर काही नसायचं.

आणि शेवटी साहेब म्हणाले, "आक्षेप आला आहे."

कॉलनीच्या कमिटीचा आक्षेप होता. खाली सगळ्यांच्या सह्या. मी ते वाचलं. सदर बांधकामामुळे कॉलनीच्या वातावरणास बाधा पोहोचेल. कारण एवढंच. आम्ही काय कारखाना काढत होतो? भट्टी लावत होतो?

मी म्हटलं, "साहेब, नियमात असं वातावरण कुठं हाये?"

साहेबांनी चष्मा काढला. "आता तू मले नियम शिकवशील? ठेव फाईल. पाहतो."

त्यांनी पाहिलं नाही. मी जायची, बाबू हातानं जा म्हणायचा.

तेवढ्यात रेल्वेलाईनच्या झोपड्यांवर पाडायच्या खुणेचे रंगाचे पट्टे आले. झोपड्या उठणार. शेजारपाजारचे पत्रे काढायला लागले, कोणी आमगावकडे सोयऱ्यांत गेलं, कोणी कुठं. आम्ही कुठं जायचं? मी बाबूच्या पुढ्यात उभी राहिले. रडले. हो, रडले. तो म्हणाला, "अरे बाई, शुरू कर दो ना. परमिशन तो आ ही रही है."

त्या तोंडी वाक्यावर आम्ही घर बांधायला घेतलं.

मिस्त्री गवंडी, मी रेजा. दुसऱ्याचं काम संपवून यायचो आणि उजेड असेपर्यंत आपलं करायचो. पहिल्यांदाच डोक्यावरच्या विटा माझ्या होत्या. वजन तेच होतं, पण मान दुखली नाही. माय जोत्यावर बसून भिंतीवरून हात फिरवायची. म्हणायची, "ओळंब्यात हाये वो. सरळ हाये."

भिंती लिंटलपर्यंत, दाराच्या डोक्यापर्यंत आल्या आणि नोटीस चिकटली. विनापरवाना बांधकाम. स्वतः काढून टाकावं, नाहीतर कार्यालय काढेल आणि खर्च वसूल करेल.

त्या संध्याकाळी कमिटीचे अध्यक्ष आले. निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणतात. पांढरा शर्ट, गोड आवाज. शिवी म्हणून कधी नाही. आले, पण जोत्यावर चढले नाहीत. रस्त्यावरच उभे राहिले.

"बाई, माझं तुझ्याशी काही वैर नाही. मी जातपात मानत नाही. माझे कितीतरी विद्यार्थी तुमच्यातलेच. पण ही रहिवासी कॉलनी आहे. एक वातावरण असते. तुमच्या लोकांत राहशील तर तुलेच बरं वाटेल. प्लॉटचं काय ते कमिटी पाहून घेईल. नुकसान नाही होऊ देणार तुझं."

मी म्हटलं, "सर, तुमची मागची खोली मार्जिनमध्ये हाये. तिच्या विटा मीच वाह्यल्या."

"ते वेगळं आहे."

"कसं?"

"ते झालेलं आहे," सर म्हणाले. आवाज तोच, गोड. त्यांना त्यात काही खटकलंच नाही.

मुदत संपली आणि ते आले. सकाळची वेळ. साहेब, बाबू, चार पोलीस, त्यात दोन बायका. कॉलनीतले लोक फाटकांशी उभे. वरच्या सज्ज्यांतून मोबाईल आमच्याकडे वळलेले. सरांसाठी कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली.

साहेब मिस्त्रींना म्हणाले, "मशीन आणलं तर चुरा होईल. स्वतः पाडा. विटा तरी वाचतील."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "वाचतील वो विटा," ते म्हणाले. "कुठं तरी लावू."

कुठं?

पण मी घन उचलला. खरं सांगते, उचलला. आयुष्यभर जे सांगितलं ते केलं, तसंच ते. मिस्त्री एका बाजूनं, मी एका बाजूनं. आम्हीच भरलेल्या सांध्यात आम्हीच छिन्नी घालत होतो. मसाला चांगला बसला होता. वीट सुटत नव्हती. एक सुटली, अर्धी होऊन पडली. फक्त घनाचा आवाज. माय आतल्या बाजूला जोत्यावर बसलेली. प्रत्येक घावाला ती विचारायची, "काय होऊन राहिलं वो? काय पडलं?" मी छिन्नी पुढच्या सांध्यात घालायची. काय सांगणार होते मी तिला?

चहा आला. सरांना, साहेबांना, पोलिसांना. सरांनी दोन घोट घेतले आणि मला हाक मारली.

"बाई, हे आटोपलं की दोन दिवस आमच्याकडे येशील का? मागच्या खोलीच्या वर अजून एक खोली काढायची आहे. तुझं काम चांगलं आहे. रोजी देऊ बरोबर."

त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. हे मी नीट सांगते, कारण हेच मला कापत गेलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतंच. मी माझं घर पाडत होते आणि त्यांना वरच्या खोलीसाठी रेजा पाहिजे होती. त्यांच्या डोळ्यांना यात काही जड नव्हतं. कामाला हात आहेत, हात रिकामे होत आहेत, बोलावून घ्यावं. तिथं बाई नव्हतीच. तिथं नुसती चुंबळ होती, घमेलं होतं.

मी घन खाली ठेवला.

मिस्त्री म्हणाले, "काऊन थांबली वो?"

मी सरांकडे वळले. "नाही येत."

"बरं, मग पुढच्या आठवड्यात..."

"कधीच नाही येत. अन् हे बी नाही पाडत."

साहेब पुढे झाले. "नोटीस वाचली ना?"

"वाचली. तुमचं काम हाये, तुमी करा. मी माह्यावाल्या हातानं माहं घर नाही पाडत."

"मशीन बोलवावं लागेल."

"बोलवा."

एवढंच मी बोलले. आत जाऊन मायच्या बाजूला बसले.

मिस्त्रींना हे सोसलं नाही. ते रस्त्यावर धावले, सरांच्या खुर्चीपुढे वाकले. "सर, तुमी सांगा ना त्यायले. आमी कुठं जावं?" त्यांनी पायाला लावायला हात पुढे केला आणि सरांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. माझ्या नवऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. मी उठले, रस्त्यावर गेले, त्यांना काखेत धरून उभं केलं. "उठा जी," म्हटलं. "उठा."

दुपारी मशीन आलं. पोलीस बायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मायला दोघींनी उचललं. ती वजनाला कितीशी. ती ओरडत होती, "माह्या जागेवरून मले कोन उठवून राहिलं? कागद हाये माह्यापाशी! कागद हाये!" कागद खरंच होता, पदराला बांधलेला. त्याकडे कोणी पाहिलं नाही. मशीननं एक भिंत ढकलली, मग दुसरी. जोत्यावर दात मारले. चौकट मधूनच मोडली. आम्हाला जे उभं करायला महिने लागले, त्याला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला नाही.

मिस्त्री ढिगाऱ्याकडे पाहत म्हणाले, "विटा तरी वाचल्या असत्या." मग माझ्याकडे पाहून, "तुया तोंडानं गेल्या."

त्यानंतर ते माझ्याशी फार बोलले नाहीत. पंधरवडाभरानं रायपूरकडे कामाला गेले. फोन केला की लागतो, बोलतात, मायची तब्येत विचारतात. परत कधी येणार ते सांगत नाहीत. मी विचारतही नाही.

आम्ही दोघी मायलेकी त्याच प्लॉटवर आहोत. तुटक्या जोत्यावर ताडपत्री बांधली आहे. त्याचीही तक्रार झाली. पाणी लांबून आणते. मायला तेव्हापासून उठताना आधार लागतो. ती भिंत होती तिथं हात फिरवते, हात हवेत जातो, मग तो मांडीवर घेते. हे रोज पाहणं फार कठीण आहे. कधी वाटतं, प्लॉट द्यावा यांना, आणि जावं निघून. कमिटीची माणसं दोनदा येऊन गेली. घेतल्या भावापेक्षा जास्त देतो म्हणाली. मी नाही म्हटलं, आणि ते गेल्यावर ताडपत्रीत तोंड खुपसून रडले.

अपील केलं आहे. कॉलनीतल्या प्रत्येक घराचं मार्जिन मोजा, असा अर्जही दिला आहे. सुनावणीला गेलं की पुढची तारीख मिळते. सरांची वरची खोली उभी राहिली. छत पडलं. रंग लागला. त्यांना नोटीस आली नाही.

मी ठिय्यावर जाते. सकाळी मजूर उभे राहतात तो चौक. ठेकेदार मला पाहून पुढे जातात. कॉलनीशी भांडणारी बाई म्हणून नाव पडलं आहे. परवा एकानं स्कूटर थांबवली. त्याला घाई होती, बाई मिळत नव्हती.

"चल. बंगल्याचं काम आहे. मागून एक खोली काढायची."

मी विचारलं, "मंजूर नकाशा हाये का त्या खोलीचा?"

"क्या?"

"त्या खोलीची परवानगी. दाखवा. मंग घमेलं उचलते."

तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचं हसणं थांबलं. "पागल हो गई है," म्हणाला आणि शेवंताला घेऊन गेला. शेवंता माझ्याबरोबरची जुनी रेजा. जाताना वळून म्हणाली, "काऊन नाही गेली वो? चूल पेटते का तुयी?"

नाही पेटत. त्या दिवशी पेटली नाही. मायला शेजारच्या वस्तीतून मागून आणून भात दिला. मी पाणी प्यायले.

शेवंतावर माझा राग नाही. तिला लेकरं आहेत. पण मी आता तशी जाणार नाही. मला कोणाची दया नको. नुकसान भरून नको, दुसरीकडे घरकुल नको, तुमच्या लोकांत बरं वाटेल हे ऐकायचं नाही. ही जागा पिवळ्या रंगात आहे आणि मी माणूस आहे. मला माझ्या नावाची परवानगी पाहिजे, लेखी, सहीशिक्क्याची. ती मिळेल त्या दिवशी माझ्या घराच्या विटा मी वाहीन, एकटी वाहीन. ती मिळेपर्यंत या जोत्यावरून मी उठणार नाही. उचलून नेलं तर परत येईन. आणि या शहरातल्या कोणाच्याही चोरट्या भिंतीला, उपाशी मेले तरी, माझ्या डोक्यावरून एक वीट जाणार नाही.